इंधन-घटातील संमिश्र पडदा : सभासदांसाठी एक धडा



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयात एका सभासदाने प्रश्न विचारला. "मळीपासून अल्कोहोल झालं, बगॅसपासून वीज झाली. आता म्हणे हायड्रोजन करतात आणि त्यावर गाड्या पळतात. मग आपला कारखाना मागे का?" त्यावर मागच्या रांगेतून एका जुन्या सभासदाने उत्तर दिले, "आधी मागची बिलं द्या, मग हवेतल्या गप्पा मारा." सभा हसली आणि विषय तिथेच राहिला.

आम्हाला मात्र दोघांच्याही बोलण्यात तथ्य वाटले. हायड्रोजन ही गप्प नाही. केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठरली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले गेले. म्हणजे आज ना उद्या कोणीतरी असा प्रकल्प घेऊन कारखान्याच्या दारात येणार. आणि प्रकल्प उभा राहतो तो शेवटी टनामागच्या कपातीवर. ज्याच्या उसाच्या बिलातून पैसा जायचा, त्याला यंत्राच्या पोटात काय आहे एवढे तरी कळले पाहिजे. म्हणून या अंकात आम्ही इंधन-घटाचा, ज्याला इंजिनिअर मंडळी फ्युएल सेल म्हणतात त्याचा, आणि विशेषेकरून त्याच्या पोटातल्या पडद्याचा धडा घेतला आहे. यंत्राची किंमत, ताकद आणि आयुष्य बरेचसे या कागदापेक्षा पातळ पडद्यावर ठरते.

१. इंधन-घट म्हणजे काय?

आपल्या बॉयलरमध्ये आपण बगॅस जाळतो. जाळातून वाफ, वाफेवर टर्बाईन, टर्बाईनवर जनरेटर आणि मग वीज, अशी ही चार पायऱ्यांची वाट आहे. इंधन-घटात जाळ नाही आणि फिरणारे चाकही नाही. पडद्याच्या एका अंगाला हायड्रोजन सोडतात, दुसऱ्या अंगाला हवा. दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा अगदी बारीक थर दिलेला असतो. प्लॅटिनमला टेकताच हायड्रोजनचे दोन भाग होतात. एक प्रोटॉन आणि दुसरा इलेक्ट्रॉन.

आता पुढची गंमत एका उदाहरणाने सांगतो. ओढ्यावर साकव आहे. माणूस साकवावरून सरळ पलीकडे जातो, पण बैलगाडीला लांबच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो. पलीकडे गेल्यावर दोघांची गाठ पडते. इथे माणूस म्हणजे प्रोटॉन, बैलगाडी म्हणजे इलेक्ट्रॉन आणि साकव म्हणजे पडदा. बैलगाडीच्या त्या वळशाच्या वाटेवर, म्हणजे तारेवर, आपण दिवा किंवा मोटार जोडतो. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की पाणी तयार होते. धूर नाही, राख नाही.

ही युक्ती नवी नव्हे. वेल्समध्ये जन्मलेले विल्यम ग्रोव्ह या पेशाने वकील असलेल्या शास्त्रज्ञांनी १८३९ साली गंधकाम्ल आणि प्लॅटिनम वापरून असा प्रयोग केला होता. मग एवढी वर्षे अडले कुठे? एका घटाचा दाब हिशेबाने १.२३ व्होल्ट, पण भार दिल्यावर हातात पडतो ०.६ ते ०.७ व्होल्ट. म्हणून शेकडो घट पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचावे लागतात. टोयोटा कंपनीने २०१४ साली जपानात मिराई ही मोटार विक्रीला काढली, तिच्यात असे ३७० घट होते. ३७० घट म्हणजे ३७० पडदे. त्यांतला एक फाटला तरी सगळी रांग अडते.

२. पडद्याला किती कामे?

पडद्याकडून आपण चार कामे मागतो.

पहिले, प्रोटॉन झटपट पलीकडे गेला पाहिजे. दुसरे, इलेक्ट्रॉनला वाट मिळता कामा नये. तिसरे, हायड्रोजन आणि हवा यांची भेट होता कामा नये. झाली तर वीज कमी होते, आणि भोक मोठे असेल तर आतच पेट घेते. चौथे, ओले-कोरडे, गरम-थंड होत हजारो तास टिकले पाहिजे.

ऐकायला सोपे वाटते, पण ही कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. प्रोटॉन लवकर जायला पडदा पातळ हवा. वायू अडवायला जाड हवा. प्रोटॉनला चालायला पडद्यात पाणी हवे. पण पाणी जास्त झाले की पडदा फुगतो आणि लिबलिबीत होतो.

पाण्याचे हे प्रकरण शेतकऱ्याला वेगळे समजवायला नको. जमिनीत खत आहे पण ओल नाही, तर मुळाला काही मिळत नाही. पाणी साचले तर मुळाला हवा मिळत नाही आणि पीक पिवळे पडते. पिकाला वाफसा लागतो. पडद्याचेही तसेच. कोरडा पडला तर प्रोटॉन अडतो. पाणी साचले तर प्लॅटिनमच्या थरापर्यंत हवा पोचत नाही. इंधन-घट चालवणे म्हणजे पडद्याला सतत वाफशावर ठेवणे होय.

३. ही जात आपल्या ओळखीची आहे

आपल्या बॉयलर हाऊसशेजारी पाणी मऊ करण्याची टाकी आहे. तिच्यात पिवळसर तपकिरी बारीक मणी भरलेले असतात, त्याला रेझिन म्हणतात. पाण्यातला चुना आणि मॅग्नेशियम हे मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करतात. हे मणी पॉलिस्टायरीन नावाच्या बहुवारिकाचे, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचे असतात. त्याला गंधकाम्लाची प्रक्रिया देऊन लांब साखळीवर आम्लाचे गट बसवलेले असतात. या गटांपाशीच देवाणघेवाण चालते.

१९५५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील थॉमस ग्रब यांनी याच जातीच्या पदार्थाचा पातळ पडदा इंधन-घटात वापरला. मण्याच्या जागी पडदा आणि सोडियमच्या जागी प्रोटॉन, एवढाच मुख्य फरक. पुढे १९६५ च्या ऑगस्टमध्ये जेमिनी-५ हे अंतराळयान आठ दिवस पृथ्वीभोवती फिरले, तेव्हा त्यात असे घट वीज देत होते. पण पॉलिस्टायरीनची साखळी घटातल्या वातावरणात झिजायची. घटातून निघणारे पाणीही पिण्याजोगे राहत नसे. थोड्या दिवसांच्या उड्डाणाला ते चालले, वर्षानुवर्षे चालण्यासारखे नव्हते.

मग ड्यू पॉन्ट कंपनीत १९६० च्या दशकात वॉल्थर ग्रोट यांनी टेफ्लॉनच्या घराण्यातला पदार्थ काढला. त्याचे नाव नॅफिऑन. टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावरचा थर. त्याच्या साखळीला कशाचीच बाधा सहसा होत नाही. त्या साखळीला आडव्या फांद्या काढून फांद्यांच्या टोकाला आम्लाचे गट बसवले. आधी हा पडदा कॉस्टिक सोडा करण्याच्या धंद्यात गाजला. आपण इव्हॅपोरेटरच्या नळ्यांची खरड काढायला जो कॉस्टिक उकळतो, तो आज आपल्या देशात बहुतेक अशाच पडद्याच्या पद्धतीने तयार होतो. पूर्वी त्याला पारा लागत असे. म्हणजे रेझिनची टाकी आणि कॉस्टिकची पिंपे, दोन्ही या पडद्याचे सोयरे आपल्या आवारात आधीपासून आहेत.

४. मग नॅफिऑनवर का भागत नाही?

भागत नाही, याची तीन कारणे आहेत.

एक, काळ्या रानाचा दोष. काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नॅफिऑनही तसाच. ओला झाला की फुगतो, कोरडा झाला की आक्रसतो. घटात तो चारी कडांना घट्ट दाबून बसवलेला असतो, त्यामुळे सगळा ताण अंगावर येतो. मोटार दिवसातून दहादा चालू-बंद होते. प्रत्येक वेळी ओले-कोरडे, ओले-कोरडे. शेवटी बारीक चीर पडते आणि वायू पलीकडे झिरपू लागतो.

दोन, उष्णतेची मर्यादा. हा पडदा साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत नीट चालतो. शंभराच्या वर पाणी उडते आणि वाफसा मोडतो. पण ८० अंशाला प्लॅटिनम फार नाजूक असते. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साईड दहा लाख भागांत दहा भाग जरी असला तरी तो प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि वीज घटते.

तीन, किंमत. टेफ्लॉनच्या घराण्यातले हे पदार्थ करायला अवघड आणि महाग. शिवाय फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात विघटन न होता साचतात, म्हणून २०२३ च्या जानेवारीत युरोपातील पाच देशांनी अशा रसायनांच्या सबंध वर्गावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला.

५. एकट्याने न होणारे काम

मग यावर उपाय काय? आपल्या वाडवडिलांनी जो केला तोच. नुसत्या मातीची भिंत तडकते, म्हणून मातीत गवताचा काडीकचरा मिसळून तुडवतात. नुसते काँक्रीट ओढ सोसत नाही, म्हणून त्यात सळई घालतात. माती आपले काम करते, काडी आपले. दोन वेगळ्या गुणांच्या वस्तू एकत्र करून जो पदार्थ होतो त्याला संमिश्र म्हणतात. पडद्यातही आज हीच रीत आहे. तिचे तीन प्रकार मुख्य आहेत.

(अ) जाळीचा पडदा. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ओढून पाहिली, ती तुटत राहिली. शेवटी वैतागून त्यांनी जोराचा झटका दिला आणि कांडी न तुटता कित्येक पट लांबली. आत पाहतात तो बारीक तंतूंची पोकळ जाळी तयार झालेली. या जाळीत नॅफिऑनसारखा पदार्थ भरला की सळई घातलेल्या स्लॅबसारखा पडदा होतो. फुगायला लागला तरी जाळी त्याला धरून ठेवते.

इथे एक हिशेब समजून घ्यावा. जाळीच्या तंतूंतून प्रोटॉन जात नाही. म्हणजे तेवढी जागा फुकट गेली, दर सेंटीमीटरला वहन कमीच झाले. मग फायदा कसा? तर जाळीमुळे पडदा पातळ करता येतो. पूर्वीचा नेहमीचा नॅफिऑन पडदा सुमारे १८० मायक्रॉन जाडीचा असे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाळीचे पडदे १० ते १५ मायक्रॉनपर्यंत उतरले. प्रोटॉनची वाट बारा पटींहून कमी झाली, त्यापुढे जाळीने अडवलेली जागा किरकोळ ठरली. मिराई मोटारीत अशाच जाळीचा पडदा वापरला गेला.

(ब) भर घातलेला पडदा. यात बहुवारिकात सिलिका, टिटॅनियमचे ऑक्साईड किंवा माती यांची अतिशय बारीक पूड मिसळतात. माती म्हणजे खरोखरच माती. माँटमोरिलोनाइट हे खनिज यासाठी पुष्कळ ठिकाणी वापरून पाहिले आहे, आणि आपल्या काळ्या रानाला फुगवणारी चिकणमाती याच घराण्यातली. तिचे कण पानासारखे चपटे असतात. पडद्यात ती पाने आडवी पसरली की वायूला किंवा अल्कोहोलला सरळ वाट उरत नाही, नागमोडी फिरत जावे लागते. सिलिका पाणी धरून ठेवते, म्हणून थोड्या जास्त उष्णतेतही वाफसा टिकतो. जे खनिज रानात भेगा पाडते तेच पडद्यात गळती थोपवते, फक्त प्रमाण आणि पसरण बरोबर हवी.

खरी मेख पसरणीतच आहे. पुडीच्या गुठळ्या झाल्या तर गुठळीभोवती फट राहते आणि वायू तिथूनच निसटतो. भर जास्त झाली तर प्रोटॉनचीही वाट अडते आणि पडदा ठिसूळ होतो. प्रयोगशाळांतले बरेच श्रम या एका गोष्टीवर खर्च होतात.

(क) आम्ल धरून ठेवणारा पडदा. पॉलिबेंझिमिडाझोल नावाचे एक उष्णता सोसणारे बहुवारिक आहे. त्यात फॉस्फरिक आम्ल मुरवले की प्रोटॉन पाण्यावाचून आम्लाच्या आधाराने पुढे सरकतो. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ च्या सुमारास हा मार्ग दाखवला. हा पडदा १२० ते १८० अंशांत चालतो. त्या उष्णतेला कार्बन मोनॉक्साईड प्लॅटिनमला तितका चिकटत नाही; शेकडा एखादा भाग असला तरी घट चालतो. पण फुकट काही मिळत नाही. घट थंड असताना आत पाणी साचले तर आम्ल धुऊन जाते, आणि चालू करायला आधी तापवावे लागते. म्हणून यातही सिलिकासारखी भर घालून आम्ल धरून ठेवण्याचे प्रयत्न होतात.

याशिवाय सल्फोनेटेड पॉलि-ईथर-ईथर-कीटोन असे लांबलचक नावाचे, फ्लोरिन नसलेले, स्वस्त बहुवारिक घेऊन त्यात भर किंवा जाळी घालण्याचेही काम चालते. बगॅसमध्ये कोरड्या वजनाच्या दोन पंचमांश ते निम्मा भाग सेल्युलोज असतो. सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू पडद्यात घालण्याचेही प्रयोग झाले आहेत. पण ते प्रयोगशाळेतले आहेत. त्यावरून कोणी बगॅसला सोन्याचा भाव सांगू लागला तर सभासदांनी ताक फुंकून प्यावे.

६. पडदा करतात कसा, तपासतात कसा?

करण्याची रीत घरच्या बायकांना लगेच कळेल, कारण ती आंबापोळीची रीत आहे. बहुवारिक योग्य द्रावकात विरघळवायचे, त्यात भर घालून गुठळी मोडेपर्यंत घोटायचे, सपाट काचेवर एकसारख्या जाडीने पसरायचे, सावकाश वाळवायचे आणि सोलून काढायचे. घाई करून वाळवले तर बुडबुडे आणि चिरा पडतात. जाळीचा पडदा असेल तर हे द्रावण जाळीत मुरवतात.

नंतर परीक्षा. प्रोटॉन किती वाहतो, पाण्यात किती फुगतो, ओढल्यावर किती ताणतो, वायू किती झिरपतो, हे मोजतात. मग टिकाऊपणाची मोठी परीक्षा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ठरवलेल्या एका चाचणीत ८० अंश उष्णतेला दोन मिनिटे कोरडी आणि दोन मिनिटे ओली हवा अशा २०,००० फेऱ्या देतात. हिशेब केला तर अखंड ५५ दिवस. आणखी एका चाचणीत हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये थोडे लोह घालून पडदा त्यात बुडवतात आणि त्याचे वजन किती घटते ते पाहतात. कारण घट चालताना आत थोडे पेरॉक्साईड आपोआप तयार होते, आणि लोह त्याला मिळाले की असे आक्रमक कण उत्पन्न होतात जे पडद्याची साखळीच खातात. त्यांना मारण्यासाठी पडद्यात सेरियम नावाच्या धातूचा अंश घालतात. तोही संमिश्राचाच एक भाग.

७. आपल्या आवारातले शत्रू

आता आपल्या कारखान्याकडे वळू. मोटारीतला घट स्वच्छ हवा आणि स्वच्छ हायड्रोजन धरून केलेला असतो. आपल्या आवारात काय आहे?

गंज आहे. जुन्या लोखंडी पाईपमधून लोहाचा अंश घटात गेला तर काय होते ते वर सांगितलेच. गंधक आहे. डबल सल्फिटेशन पद्धतीत आपण गंधक जाळतो, हंगामात त्याचा वास गेटपर्यंत येतो. हवेतला हा सल्फर डायऑक्साईड प्लॅटिनमला मारक आहे. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशपासून होणाऱ्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाईड असतो, तो तर त्याहून वाईट. अमोनियाही असतो. अमोनिया पडद्यातल्या आम्लाच्या गटांवर ठाण मांडतो, रेझिनच्या मण्यांवर चुना बसतो तसा, आणि प्रोटॉनची जागा अडवतो.

म्हणून "घट आणा आणि बायोगॅसला जोडा" असे होत नाही. मध्ये गॅस धुण्याची, मोडण्याची आणि शुद्ध करण्याची सगळी यंत्रणा लागते. कित्येकदा घटापेक्षा तिचीच काळजी जास्त. तिथे वर सांगितलेला जास्त उष्णतेचा पडदा कामाचा ठरू शकतो, कारण त्याला शुद्धीकरण कार्बन मोनॉक्साईडपुरते तरी थोडे ढिले चालते. गंधक मात्र त्यालाही काढावेच लागते.

अल्कोहोलचे काय? कागदावर ४६ किलो अल्कोहोल आणि ५४ किलो पाणी यांतून १२ किलो हायड्रोजन आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साईड मिळतो. प्रत्यक्षात कमी, कारण उष्णता द्यावी लागते आणि सोबत कार्बन मोनॉक्साईडही निघतो. अल्कोहोल थेट घटात घालावे, तर ते पडद्यातून झिरपून पलीकडे जाते, आणि त्यातला कार्बनचा जोड कमी उष्णतेत नीट तुटत नाही. ब्राझील हा उसाचाच देश. तिथे निसान कंपनीने २०१६ साली अल्कोहोलवर चालणारी इंधन-घटाची गाडी दाखवली. पण तिच्यातला घट बहुवारिकाच्या पडद्याचा नव्हता, फार उष्णतेवर चालणाऱ्या चिनी मातीसारख्या कडक पडद्याचा होता. दोन्हींची गल्लत करू नये.

८. थोडा हिशेब

एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. घट निम्मी वसूल करतो असे धरले तर १६-१७ युनिट वीज मिळते. उलट पाणी फोडून एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे आपल्या को-जनरेशनची १०० युनिट वीज घालून हायड्रोजन करायचा आणि पुन्हा घटातून वीज काढायची, तर हातात तीसेक युनिट येणार. शंभर पोती पेरून तीस पोती काढण्याचा हा धंदा. तेव्हा वीज विकता येत असेल तर ती विकलेलीच बरी. हायड्रोजनला जागा आहे ती जिथे तार पोचत नाही किंवा बॅटरीचे वजन परवडत नाही तिथे, किंवा खत कारखान्यासारख्या ठिकाणी जिथे हायड्रोजनच कच्चा माल आहे.

आता आयुष्य. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मोटारीच्या घटासाठी ५,००० ते ८,००० तासांचे आणि जड ट्रकसाठी २५,००० तासांचे उद्दिष्ट ठेवले आहे. आपला गळीत हंगाम १५० दिवसांचा धरला तर अखंड ३,६०० तास होतात. म्हणजे ५,००० तासांचा घट दीड हंगामही पुरणार नाही. २५,००० तासांचा सात हंगाम जाईल. मिलचा रोलर किती हंगाम जातो हे विचारणाऱ्याने हेही विचारावे.

९. आपल्याकडे काय चालले आहे?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर काम झाले आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनी मिळून २०२० च्या ऑक्टोबरमध्ये देशी घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली. त्या घटाची ताकद १० किलोवॅट होती आणि तो ६५ ते ७५ अंशांत चालत होता. पुढे २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच देशी घटावरची बस दाखवण्यात आली. हे आपल्या दारातले काम आहे, त्याचा अभिमान वाटावा. पण चाचणीची गाडी आणि हंगामभर अखंड चालणारे यंत्र यांत अंतर असते, हे साखर कारखानदाराइतके कोणाला ठाऊक?

१०. प्रस्ताव आला तर काय विचारावे?

सभासदांनी हे सहा प्रश्न कापून जपून ठेवावेत.

१) पडदा कोणत्या जातीचा, साधा की संमिश्र? जाळीचा, भर घातलेला की आम्लाचा?
२) तो किती अंशांवर चालतो आणि हंगाम नसताना बंद ठेवल्यावर त्याचे काय होते?
३) किती तासांची हमी लेखी देता, आणि ती कोणत्या ठिकाणी प्रत्यक्ष चालवून पाहिली आहे?
४) इंधन किती शुद्ध लागते? गंधक, अमोनिया, कार्बन मोनॉक्साईड काढण्याचा खर्च कोणाच्या अंगावर?
५) पडदे बदलायची वेळ आली तर खर्च किती, आणि माल कुठून येणार?
६) तीच बगॅस, तीच वीज, तेच अल्कोहोल आज विकले तर किती मिळते, आणि या वाटेने किती?

या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर प्रस्तावाचा जरूर विचार करावा. उत्तरे टाळली गेली तर टनामागची कपात आपल्याच खिशात राहू द्यावी.

उजळणी

(१) प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वाटा वेगळ्या का ठेवाव्या लागतात?
(२) पडद्याला वाफसा का लागतो?
(३) जाळीतून प्रोटॉन जात नाही, तरी जाळीचा पडदा फायद्याचा कसा?
(४) आपल्या आवारातल्या कोणत्या तीन गोष्टी इंधन-घटाला बाधतात?

सभेत प्रश्न विचारणारे सभासद आणि त्यांना उत्तर देणारे जुने सभासद, या दोघांनाही आमचे एवढेच सांगणे आहे. पहिल्यांची उमेद आणि दुसऱ्यांची सावधगिरी, दोन्ही कारखान्याला हव्यात. नुसत्या उमेदीचा कारखाना फुगून तडकतो आणि नुसत्या सावधगिरीचा जागेवरच बसतो. पडद्याला जे लागू तेच सहकाराला.

शंका असल्यास आपल्या गट कचेरीत लिहून द्याव्यात. पुढील अंकात त्यांची उत्तरे देऊ. कळावे.